ग्राहकांकडून कॉर्पोरेट बाँडवरच्या निधीला मागणी: फेडच्या सर्वेक्षणातले हे आकडे वाचायचे कसे?

केतकी_वाचते

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर सांख्यिकीच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या पतपुरवठ्याची आकडेवारी चाळतेय. सेंट लुईस फेडच्या ‘फ्रेड’ या आकडेवारीच्या संकेतस्थळावर एक मालिका सापडली आणि तिथेच अडकले.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, म्हणजे फेडचं, फेडरल रिझर्व्ह बोर्ड २०१० पासून दर तिमाहीला रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या मोठ्या डीलर संस्थांमधल्या वरिष्ठ पत अधिकाऱ्यांना एक प्रश्नावली पाठवतं. त्यातला एक प्रश्न साधारण असा: ‘गेल्या तीन महिन्यांत तुमच्या संस्थेच्या ग्राहकांकडून उच्च दर्जाच्या कॉर्पोरेट बाँडवरच्या निधीला असलेली मागणी कशी बदलली?’ उत्तरं पाचच: खूप वाढली, थोडी वाढली, जवळपास आहे तशीच, थोडी घटली, खूप घटली. फ्रेडवर प्रत्येक उत्तराची वेगळी मालिका आहे.

माझ्या अडचणी:

पहिली, ही मागणी नक्की कोणाची आणि कशाची? आमच्या वर्गात यावर दोन तट पडलेत. काहींच्या मते कंपन्यांना बाँड काढून पैसा उभारायचाय, त्याची ही मागणी. काहींच्या मते हे प्रकरणच वेगळं आहे.

दुसरी, पाच उत्तरांचा मिळून एक आकडा कसा करायचा?

तिसरी, ‘जवळपास आहे तशीच’ हेच उत्तर सारखं येत असेल, तर या मालिकेत हाताला लागण्यासारखं काही आहे का?

बाजारात प्रत्यक्ष काम केलेली मंडळी इथे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून इथे विचारतेय.

उनाड

वाचनखूण साठवली. रोखे म्हटलं की रोखठोक येणारच, वाट बघतोय.

मंदार_न्यूजर्सी

माझ्या मते कंपन्यांचीच मागणी. २०२० चं उदाहरण घे. व्याजदर शून्याजवळ आल्यावर अमेरिकी कंपन्यांनी विक्रमी प्रमाणात बाँड काढले. डीलर त्यांचे बाँड बाजारात आणतात, म्हणजे कंपन्या डीलरच्या ग्राहक झाल्या. ‘बाँडद्वारे निधी’ हा अर्थ सरळ लागतो. तो वर चढला तर कंपन्या विस्ताराच्या मूडमध्ये आहेत असं समज.

रोखठोक

मंदार, इथे मी पूर्ण असहमत आहे, आणि हा मुद्दा सुटला तर केतकीचा अख्खा प्रकल्प उलट्या दिशेने जाईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नवे बाँड काढून देणं हा डीलर बँकेच्या वेगळ्या खात्याचा धंदा आहे. हे सर्वेक्षण त्याबद्दल विचारतच नाही. याचा विषय आहे रोख्यांच्या तारणावर दिलेली उसनवारी आणि एक्स्चेंजबाहेर दोन पक्षांत थेट होणारे डेरिव्हेटिव्ह व्यवहार. ग्राहक म्हणजे इथे हेज फंड, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, पेन्शन फंड, गृहकर्ज-रोख्यांत उलाढाल करणारे ट्रस्ट. त्यांच्याकडे बाँड आहेत किंवा आज विकत घ्यायचेत. ते बाँड डीलरकडे तारण ठेवून त्यांना रोकड हवी आहे. बँक घरं बांधणाऱ्या बिल्डरला पैसे देते तो व्यवहार वेगळा आणि घरमालक बांधलेलं घर गहाण टाकून पैसे उचलतो तो वेगळा. हा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे.

बहुतेक वेळा हा रेपो असतो. आज बाँड विकायचा, ठरल्या तारखेला ठरल्या किमतीला परत घ्यायचा. दोन किमतींतला फरक म्हणजे व्याज.

प्रश्नावलीचा तो भाग मुळातून वाच, मग शंका उरणार नाही. त्यात तारणाचे प्रकार एकामागून एक येतात: उच्च दर्जाचे कॉर्पोरेट बाँड, हाय-यील्ड (कमी दर्जाचे, जास्त व्याजाचे) बाँड, शेअर, गृहकर्जांवरचे रोखे, व्यापारी मालमत्तांवरच्या कर्जांचे रोखे, ग्राहककर्जांवरचे रोखे. प्रत्येकासाठी प्रश्नांचा संच तोच. जास्तीत जास्त किती रक्कम देता, किती मुदतीने देता, हेअरकट किती लावता (तारणाच्या किमतीपेक्षा किती कमी देता), व्याजात स्प्रेड (मूळ दरावरची वाढ) किती घेता, या चार अटी कडक झाल्या की सैल. त्याही दोनदा विचारतात, साधारण ग्राहकासाठी वेगळ्या आणि मर्जीतल्या ग्राहकासाठी वेगळ्या. मग मागणी. मग ३० दिवसांहून जास्त मुदतीच्या निधीची मागणी. शेवटी, शेअर सोडून बाकीच्यांसाठी, त्या रोख्यांच्या बाजारातली तरलता.

आता शेअरच्या शीर्षकाखालीही ‘निधीला मागणी’ असाच प्रश्न आहे. तिथे काय ‘कंपन्यांना शेअर विकायचेत’ असा अर्थ लावणार?

मंदार_न्यूजर्सी

शेअरचं उदाहरण चोख. मग कंपन्यांच्या कर्जाच्या मागणीचं सर्वेक्षण कुठलं? ते फेडचंच आहे ना?

वसुधा

हो मंदार, ते याचं थोरलं भावंड. बँकांच्या वरिष्ठ कर्ज अधिकाऱ्यांचं सर्वेक्षण, १९६० च्या दशकापासून चालू आहे. त्यात कंपन्यांना आणि घरांना दिलेल्या कर्जांच्या अटी आणि मागणी विचारतात. मागणी घटली असेल तर कारणही विचारतात, आणि कारणांच्या यादीत ‘ग्राहक दुसऱ्या बँकेकडे किंवा बँकेतर स्रोताकडे वळले’ असाही पर्याय असतो. डीलरांचं सर्वेक्षण त्याच धाटणीवर बेतलंय. पाच पर्याय, तिमाही वेळापत्रक, सगळं तिकडून आलंय. म्हणूनच लोकांची गल्लत होते.

पाऊसवेडा

मला एक कळत नाही. ज्यांच्याकडे कोट्यवधी डॉलरचे बाँड आहेत त्यांना उसने पैसे कशाला हवेत?

वसुधा

पाऊसवेडा, छान विचारलंत. आकड्यांतच बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

एका फंडाकडे स्वतःचे ५० लाख डॉलर आहेत. डीलर उच्च दर्जाच्या बाँडवर ५ टक्के हेअरकट लावतो, म्हणजे १०० डॉलरच्या बाँडवर ९५ डॉलर देतो. मग फंड १० कोटींचे बाँड घेऊ शकतो: ५० लाख स्वतःचे, साडेनऊ कोटी उसने. बाँडवर साडेपाच टक्के मिळतात, म्हणजे वर्षाला ५५ लाख. उसन्या पैशांवर ४.६ टक्के व्याज, म्हणजे ४३ लाख ७० हजार. उरले ११ लाख ३० हजार. स्वतःच्या ५० लाखांवर हे साडेबावीस टक्क्यांच्या वर गेलं. म्हणून उसने पैसे हवेत.

आता उसनवारीचा दर ५.७ टक्के करा. व्याज ५४ लाख १५ हजार, हातात राहिले ८५ हजार. स्वतःच्या पैशांवर १.७ टक्के. एवढ्यासाठी कोण जोखीम घेईल? फंड आपणहून मागणी कमी करेल. मार्च २०२२ च्या सुरुवातीला फेडचा दर ० ते ०.२५ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० वर गेला. अशा काळात बाँड उसन्या पैशांवर धरून ठेवण्यातला नफा आटतो, आणि त्याचा कंपन्यांच्या विस्तार-बिस्ताराशी सरळ संबंध नसतो.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. व्याज तेच ठेवा, फक्त हेअरकट ५ चा १० करा. त्याच ५० लाखांवर आता जेमतेम ५ कोटींचे बाँड धरता येतात. निम्मे विकावे लागतात, तेही बाकीचे सगळे विकत असताना. व्याजाचा दर पाव टक्क्याने हलला तर वर्तमानपत्रांत मथळा होतो. हेअरकट दुप्पट झाला तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. हे सर्वेक्षण मला जवळचं वाटतं ते त्यामुळे. ही आतली हालचाल नियमितपणे विचारणाऱ्या फार थोड्या जागा आहेत.

पाऊसवेडा

आता डोक्यात प्रकाश पडला. हे मोफत शिकायला मिळतंय, आभार.

शून्यलब्धी

सगळं मान्य, पण मूळ आकड्यांबद्दल मला गंभीर शंका आहे. वीस-बावीस संस्थांचं मत. त्यातही ‘थोडी वाढली’ म्हणजे किती, याची व्याख्या ज्याची त्याने करायची. याला मी आकडेवारी म्हणणार नाही. न्यूयॉर्क फेड दर गुरुवारी प्राथमिक डीलरांची (फेडशी थेट व्यवहार करणाऱ्या डीलरांची) साप्ताहिक आकडेवारी देतं, त्यात कॉर्पोरेट रोख्यांवर किती डॉलरची उसनवारी झाली ते असतं. ट्राय-पार्टी रेपोची (तारण तिसरी संस्था सांभाळते अशा रेपोची) मासिक आकडेवारी आहे, त्यात तारणाच्या प्रकारानुसार रक्कम आणि हेअरकट दोन्ही मिळतात. खरे डॉलर मोजलेले असताना मतं कशाला गोळा करायची? केतकी, मी तुझ्या जागी असतो तर ही मालिका बाजूला ठेवली असती.

गणितगप्पा

शून्यलब्धी, तुमच्याशी अर्धा सहमत आहे. आधी सहमतीचा अर्धा भाग.

२० संस्था धरल्या तर एक संस्था म्हणजे ५ टक्के. १९ जणांनी ‘तशीच’ म्हटलं आणि एकाने ‘थोडी वाढली’, की निव्वळ टक्केवारी अधिक ५. पुढच्या तिमाहीत तोच एक माणूस ‘थोडी घटली’ म्हणाला की उणे ५. आलेखावर हा १० अंकांचा झोका दिसतो आणि त्याच्यामागे एक माणूस असतो. शिवाय प्रत्येक संस्थेचं मत सारख्याच वजनाचं. अवाढव्य डीलर आणि त्यामानाने छोटा डीलर एकाच पारड्यात.

केतकी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. सरधोपट पद्धत म्हणजे ‘वाढली’वाल्यांचं प्रमाण वजा ‘घटली’वाल्यांचं प्रमाण. फेड स्वतः आपल्या आढाव्यात ‘निव्वळ’ प्रमाणाचीच भाषा वापरतं. ‘खूप’ला १ आणि ‘थोडी’ला अर्धं वजन देतात तशी रीतही आहे, पण ‘खूप’ हे उत्तर इतकं विरळ असतं की फारसा फरक पडत नाही. अशा उत्तरांवरून बदलाचा आकडा काढणारी कार्लसन-पार्किनची १९७५ ची पद्धत वापरायचा मोह होईल. आवर. ती पद्धत प्रत्येक कप्प्यात काही तरी उत्तरं असतील असं गृहीत धरते. इथे कप्पे रिकामे असतात, मग गणित अनंताकडे पळतं.

मात्र निव्वळ आकड्यासोबत मतभेदही मोज. चार म्हणाले वाढली, चार म्हणाले घटली, बारा तशीच: निव्वळ शून्य. वीसच्या वीस म्हणाले तशीच: तेही शून्य. हे दोन बाजार एकसारखे नाहीत. पहिल्यात काही तरी शिजतंय. फ्रेडवर प्रत्येक उत्तराची वेगळी मालिका आहे ती याच कामाला येते.

असहमतीचा भाग रात्री लिहितो, आता निघालो.

उनाड

क्रमशः लिहायचं राहिलं.

रोखठोक

गणितगप्पा येईपर्यंत शून्यलब्धींना माझं उत्तर.

मोजलेले डॉलर हे झालेल्या व्यवहाराचे असतात. साप्ताहिक आकड्यात कॉर्पोरेट बाँडवरची उसनवारी कमी दिसली, तर त्यातून दोन कहाण्या निघतात. ग्राहकांनी मागितलंच नाही, ही एक. ग्राहक मागत होते पण डीलरने दिलं नाही, ही दुसरी. आकडा एकच, अर्थ परस्परविरोधी. पहिल्या कहाणीत बाजार शांत आहे, दुसरीत गळा आवळला जातोय. सर्वेक्षणात अटी आणि मागणी हे प्रश्न वेगळे ठेवलेत ते या दोन कहाण्या वेगळ्या करता याव्यात म्हणूनच.

आणि ‘डीलरने दिलं नाही’ हे फक्त घाबरल्यामुळे होत नाही. रेपोचा पैसा डीलरच्या ताळेबंदात जागा खातो. अमेरिकेतल्या मोठ्या बँकांना २०१८ पासून पूरक लिव्हरेज गुणोत्तर पाळावं लागतं. त्यात तारण कितीही चांगलं असो, ताळेबंदाच्या आकारावर भांडवल लागतं. ट्रेझरी (अमेरिकी सरकारच्या) रोख्यांचे रेपो क्लिअरिंग संस्थेमार्फत करून आवक-जावक वळती करता येते. कॉर्पोरेट बाँडना तिथे ती सोय नाही. त्यामुळे तिमाहीची अखेर जवळ आली की मी स्वतः चांगल्या ग्राहकाला, चांगल्या तारणावर, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं सांगितलेलं आहे. त्याची मागणी होती. माझ्याकडे जागा नव्हती. साप्ताहिक आकड्यात तो व्यवहार कधीच उमटला नाही.

शून्यलब्धी

मुद्दा बिनतोड आहे, पण मग तो ग्राहक दुसऱ्या डीलरकडे गेला असेल. म्हणजे तुमच्याकडे मागणी घटली, त्याच्याकडे वाढली. एकूण मागणी जागच्या जागी. शिवाय ज्याला ठाऊक आहे की आपल्याला मिळणार नाही, तो विचारतच नाही. ती मागणी कुठल्याच अधिकाऱ्याला दिसत नाही. मागणीबद्दल विचारताय सावकाराला! विचारायला हवं ऋणकोला.

वसुधा

शेवटचं वाक्य मनापासून पटलं. ग्राहकाची बाजू मांडणारं अशाच धर्तीचं सर्वेक्षण असतं तर सोनं झालं असतं. पण डीलर बदलण्याच्या मुद्द्याची मला तितकी काळजी वाटत नाही. डीलर नसलेल्या ग्राहकांना डॉलर रोख्यांवर मिळणाऱ्या डीलरकडच्या निधीपैकी जवळपास सगळा या सर्वेक्षणातल्या संस्थांमार्फतच जातो. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला ग्राहक बहुधा याच वीसेक जणांत फिरतो, आणि निव्वळ आकड्यात अधिक-उणे कटून जातं. न विचारणाऱ्याची मागणी मात्र खरोखरच निसटते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आजोबा_निवृत्त

वाचतोय, मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न विचारतो. २००८ चं एवढं रामायण झालं, त्याआधी फेडला हे कुणी विचारावंसं वाटलं नाही? २०१० साल उजाडावं लागलं?

रोखठोक

आजोबा, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. बँकांच्या कर्जांवर नजर होती, कारण पत म्हणजे बँकेचं कर्ज अशीच समजूत होती. रोख्यांच्या तारणावरची उसनवारी त्या नजरेच्या बाहेर वाढत गेली. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा तिचा रेपोचा पैसा काही दिवसांत आटला. चांगलं तारण असूनही समोरचे लोक नूतनीकरण करेनात. त्याच आठवडाअखेरीला, १६ मार्चला, फेडने प्राथमिक डीलरांना थेट उसने देणारी खिडकी जाहीर केली. त्या साली बाँड आणि त्याच कंपनीचा क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप (कर्ज बुडण्याविरुद्धचा विम्यासारखा करार) यांच्या भावांतली तफावत भलतीच रुंदावली होती. कागदावर तो बिनजोखमीचा नफा दिसत होता, पण उचलायला कुणाकडे निधी नव्हता. बाँड आहे, नफा दिसतोय, आणि बाँड धरायला पैसे मिळत नाहीत! निधी किती महत्त्वाचा, हे त्या तफावतीत उघडं पडलं.

मग मार्च २०१० मध्ये जागतिक वित्तव्यवस्थेवरच्या समितीने, म्हणजे बासेलला मध्यवर्ती बँकांची जी समिती बसते तिने, मार्जिन आणि हेअरकट यांवर अहवाल दिला आणि अशी सर्वेक्षणं नियमित घ्या म्हणून शिफारस केली. फेडने त्याच वर्षी सुरू केलं. युरोपियन सेंट्रल बँकेने २०१३ मध्ये.

आजोबा_निवृत्त

शंका फिटली. जीते रहो.

गणितगप्पा

आलो. वरचं वाचलं, रोखठोक यांनी माझं अर्धं काम केलंय.

राहिलेला मुद्दा असा. केतकी, तू ‘जवळपास आहे तशीच’च्या गर्दीला मालिकेचा दुबळेपणा समजतेयस. मी तसं म्हणणार नाही. प्रश्न बदल विचारतो, पातळी नाही. मागणी सलग दोन वर्षं एकाच वरच्या पातळीवर टिकून राहिली तरी दर तिमाहीला प्रामाणिक उत्तर ‘तशीच’ हेच आहे. त्यामुळे शून्याजवळ रेंगाळणारी रेष बघून ‘मागणी नाही’ असं लिहू नकोस. काही जण निव्वळ आकड्यांची चढती बेरीज करून पातळी काढतात. आलेख देखणा दिसतो, पण माझा त्यावर भरवसा नाही. एका तिमाहीतलं ‘थोडी वाढली’ आणि सहा वर्षांनंतरचं ‘थोडी वाढली’ एकाच मापाचे आहेत हे गृहीतक त्यात लपलंय, आणि दरवेळची छोटी चूक बेरजेत साठत जाते.

वसुधा

चढत्या बेरजेवर थोडं मतांतर. दिशा बघण्यापुरती ती उपयोगी पडते, विशेषतः अटींची बेरीज मागणीच्या बेरजेशेजारी मांडली तर. पातळी म्हणून वापरू नये, एवढं कबूल.

पण केतकी, त्याहून मोठा खड्डा पुढे आहे: काळ. मार्च २०२० चा अंक उघडून बघ. नावात मार्च आहे, म्हणून महासाथीचा धक्का त्यात असेल असं कुणालाही वाटेल. पण उत्तरं फेब्रुवारीत गोळा झाली आणि मुख्य प्रश्नांचा काळ होता डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०. वादळ मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आलं. जूनच्या अंकाचा काळ मार्च ते मे. आता या तीन महिन्यांत काय काय झालं ते बघ. मार्चमध्ये उच्च दर्जाचे बाँडसुद्धा विकले जाईनात. २३ मार्चला फेडने इतिहासात पहिल्यांदा कॉर्पोरेट बाँड विकत घेण्याच्या दोन योजना जाहीर केल्या. त्या घोषणेनेच बाजार सावरायला लागला. प्रत्यक्ष खरेदी १२ मेपासून, तीही आधी बाँड ईटीएफची (शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या बाँड-फंडांची). दोन योजनांची मिळून क्षमता ७५० अब्ज डॉलर, प्रत्यक्षात धारण झाले १४ अब्जांच्या आसपास, आणि २०२१ च्या ऑगस्टअखेर तेही विकून टाकले.

म्हणजे एकाच खिडकीत दरड कोसळणंही आलं आणि रस्ता मोकळा होणंही. अधिकाऱ्याने या सगळ्याला पाचातलं एक उत्तर द्यायचं. तारखा न बघता कुणी हे आकडे समीकरणात घातले की मला खरंच वाईट वाटतं, कारण मग दोष सर्वेक्षणावर येतो.

मंदार_न्यूजर्सी

हे फार मोलाचं सांगितलंत वसुधाताई. म्हणजे अंकाच्या नावावरचा महिना धरायचाच नाही, प्रश्नाचा काळ धरायचा.

वसुधा

अगदी. प्रत्येक अंकाच्या प्रास्ताविकात उत्तरं कधी गोळा केली आणि प्रश्न कुठल्या काळाबद्दल होते हे लिहिलेलं असतं. फ्रेडवरच्या नुसत्या मालिकेत ते डोळ्यांसमोर येत नाही.

पाऊसवेडा

रोखठोक, हे उत्तर संस्थेत भरतं कोण? तो वरिष्ठ अधिकारी एकटा बसून टिकमार्क करतो का?

रोखठोक

मी पाहिलंय ते सांगतो, सगळीकडे असंच असेल असा दावा नाही.

प्रश्नावली पत विभागाकडे येते. तिथला माणूस रेपो डेस्क, प्राइम ब्रोकरेज (हेज फंडांना सेवा आणि उसने देणारा विभाग), डेरिव्हेटिव्ह डेस्क यांच्याकडे फोन फिरवतो. डेस्कवर ग्राहकवार शिल्लक रकमांचा तक्ता असतोच, आम्ही तीन महिन्यांपूर्वीचा आणि आजचा शेजारी-शेजारी लावायचो. पण तक्त्यात फक्त दिलेले पैसे असतात. मागणी कळायची ती चॅटच्या नोंदींतून आणि विक्रीच्या मंडळींच्या तोंडून: कोण ९० दिवसांचा पैसा विचारून गेला, कुणी नेहमीच्या दुप्पट रकमेचा भाव मागितला, कोण महिनाभर फिरकलाच नाही.

एकदा आमच्या रेपो डेस्कचं म्हणणं ‘वाढली’ आणि प्राइम ब्रोकरेजचं म्हणणं ‘घटली’. दोघंही आपापल्या ग्राहकांपुरते बरोबर होते. अशा वेळी ज्या विभागातून सर्वाधिक जोखीम उभी राहते त्याचं उत्तर द्या अशी प्रश्नावलीची सूचना असते. आम्ही तेच केलं. प्राइम ब्रोकरेजवाले नंतर दोन दिवस जेवायला आमच्या टेबलावर बसले नाहीत.

म्हणून शून्यलब्धी, हे केवळ ‘मत’ नाही. उत्तर एका शब्दाचं असतं, पण त्याच्यामागे तक्ते बघितलेले असतात.

शून्यलब्धी

ही माहिती मला नवी आहे, आणि चॅटच्या नोंदींचा तपशील वाचून या मालिकेचं वजन माझ्या लेखी वाढलं. तरी माझा आग्रह कायम: एकट्या या मालिकेवर निष्कर्ष नको. साप्ताहिक डॉलरच्या आकड्यांशी ताडून बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

गणितगप्पा

+१. यात दुमत नाही.

उनाड

रोखठोक आणि शून्यलब्धी सहमत! या पानाचं स्क्रीनचित्र काढून ठेवतो.

केतकी_वाचते

किती लिहिलंत सगळ्यांनी! सगळं दोनदा वाचलं आणि प्रकल्पाचा आराखडा नव्याने मांडला. जरा तपासाल का?

मागणीचा निव्वळ आकडा एकटा वापरणार नाही. त्याच्याशेजारी त्याच बाँडच्या चारही अटींचे निव्वळ आकडे घेणार. मग प्रत्येक तिमाही चारांपैकी एका खान्यात टाकणार. मागणी वाढली आणि अटी सैल झाल्या, म्हणजे उसनवारी फुगतेय. मागणी वाढली पण अटी कडक, म्हणजे ताण. मागणी घटली आणि अटी सैल, म्हणजे ग्राहकांनाच नफा दिसत नाहीये. दोन्हीकडून आक्रसलं, तर माघार. खानं ठरल्यावर त्या काळातल्या साप्ताहिक डॉलर आकड्यांची दिशा जुळते का ते बघणार. गणितगप्पांचं मतभेदाचं माप वेगळ्या स्तंभात. प्रत्येक अंकाचा खरा काळ मूळ प्रास्ताविकातून हाताने उतरवून काढणार, आणि जून २०२० चा अंक वेगळी खूण करून ठेवणार.

एकच प्रश्न उरलाय. हाय-यील्ड बाँडची मालिकाही घेऊ का? दोन्हींची सरासरी काढली तर निरीक्षणं वाढतील आणि तो एका माणसाचा झोका कमी होईल, असं वाटतंय.

गणितगप्पा

घे, पण सरासरी काढू नकोस. उत्तर देणाऱ्या संस्था त्याच आहेत, त्यामुळे निरीक्षणं वाढल्याचा नुसता भास होईल.

आणि चार खाने करतेयस तिथे शून्याच्या अगदी जवळचे आकडे कुठल्याच खान्यात टाकू नकोस. किमान दोन संस्थांइतका, म्हणजे साधारण १० टक्क्यांचा पट्टा मधे मोकळा सोड. बऱ्याच तिमाही त्यात पडतील. पडू देत.

रोखठोक

सरासरी नकोच, मी तर फरक काढायला सांगेन. ग्राहक उच्च दर्जाच्या बाँडवर उसनं मागतोय आणि हाय-यील्डवर मागत नाहीये, की उलट, यातून त्याची जोखमीची भूक दिसते.

आराखडा पक्का आहे. त्यात एक स्तंभ वाढव: ३० दिवसांहून जास्त मुदतीच्या निधीची मागणी. एकूण मागणी तशीच आणि लांब मुदतीची मागणी वाढलेली, असं दिसलं की थांबून बघ. तो ग्राहक जास्त पैसे मागत नसतो, उद्या पैसे मिळतील की नाही या धास्तीने आजच मुदत बांधून घेत असतो. डेस्कवर आम्हाला पहिली कुणकुण तिथूनच लागायची.

केतकी_वाचते

वाढवला. ती मालिकाही फ्रेडवर सापडली, उच्च दर्जाच्या बाँडची आणि हाय-यील्डची वेगवेगळी. काळ उतरवायला आजपासून बसते, २०१० च्या पहिल्या अंकापासून. तक्ता झाला की इथेच टाकते.

शून्यलब्धी

टाक. साप्ताहिक डॉलर आकड्यांचे तिमाही गट पाडायला मदत लागली तर सांग, ते काम मी करून देतो. मात्र गट वसुधाताईंनी सांगितलेल्या काळाप्रमाणे पाडू, कॅलेंडरच्या तिमाहीप्रमाणे नको.